मुक्तस्रोत कार्यप्रणालीवरील संगणकाचा मंद प्रारंभ : विलंबाचे निदान आणि उपाययोजना

प्रस्तावना

महाविद्यालयीन वेळापत्रकातील तासिका बहुधा ४८ मिनिटांची असते. संगणक प्रयोगशाळेतील यंत्र सुरू करून पडद्यावर प्रवेशाची चौकट येईपर्यंत त्यांतील तीन-चार मिनिटे जात असतील, तर प्रात्यक्षिकाचा आरंभच विस्कळीत होतो. विद्यार्थी कंटाळून कळ दाबून यंत्र बंद करतात व पुन्हा चालू करतात. काही महिन्यांत त्या संगणकावर 'जुना झाला' असा शिक्का बसतो आणि वर्षअखेरीस डेड स्टॉक रजिस्टरातील त्याच्या नोंदीपुढे निर्लेखनाचा प्रस्ताव येतो. हा निर्णय पुष्कळदा कोणतेही मापन न करता घेतला जातो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ थांबविल्यापासून या प्रश्नाला अधिक महत्त्व आले आहे. विंडोज ११ च्या यंत्रविषयक अटी पूर्ण न करणाऱ्या संगणकांसाठी उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत कार्यप्रणाली हा सहज उपलब्ध असणारा व परवानाशुल्क नसलेला पर्याय होय. परंतु लिनक्स बसविल्यानंतरही यंत्र सुरू होण्यास विलंब लागला, तर दोष प्रणालीचा की यंत्राचा, हा वाद सुरू होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की अशा विलंबात यंत्राच्या कामाचा वाटा अनेकदा थोडा असतो. बराचसा काळ यंत्र कोणाची तरी वाट पाहत थांबलेले असते, आणि ज्याची वाट पाहिली जाते ती वस्तू कित्येकदा अस्तित्वातही नसते. यंत्र कोणासाठी थांबले आहे हे लिनक्समध्ये त्या यंत्रालाच विचारता येते.

लेखात आज्ञांची व फाईलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावी लागतात.

प्रारंभाचे टप्पे

कळ दाबल्यापासून प्रवेशाची चौकट दिसेपर्यंत नियंत्रण चार हातांतून जाते. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे जुन्या यंत्रांतील बायोस किंवा नव्या यंत्रांतील यूईएफआय, स्मृती व उपकरणे तपासते. ते ग्रब नावाच्या लोडरकडे सूत्रे सोपविते. ग्रब कर्नेलला डिस्कवरून स्मृतीत आणतो. कर्नेल आपल्यासोबत आलेल्या इनिटरॅमएफएस या छोट्या तात्पुरत्या फाईल सिस्टीमच्या साहाय्याने मुख्य डिस्क शोधतो, आणि शेवटी सिस्टमडी हा पहिला प्रोग्रॅम सुरू होऊन तो उर्वरित सर्व सेवा उभ्या करतो.

यांतील शेवटच्या टप्प्याचा इतिहास थोडा पाहणे उपयुक्त ठरेल. जुन्या सिस्टम-फाइव्ह पद्धतीत सेवा एकामागून एक अशा रांगेने सुरू होत. एक सेवा अडली की मागची सगळी रांग अडे. उबुंटूने ऑक्टोबर २००६ मधील ६.१० आवृत्तीत अपस्टार्ट ही घटनाधारित व्यवस्था आणली. लेनार्ट पोटरिंग व के सिव्हर्स यांनी २०१० मध्ये मांडलेली सिस्टमडी ही व्यवस्था शक्य तेवढ्या सेवा समांतर सुरू करते. फेडोराने ती २०११ मध्ये, तर डेबियन व उबुंटू यांनी एप्रिल २०१५ मध्ये स्वीकारली. समांतरतेमुळे वेग वाढला. पण जिथे एक सेवा दुसरीवर अवलंबून आहे, तिथली प्रतीक्षा मात्र कायम राहिली. आजच्या विलंबाचे मूळ बहुधा या अवलंबित्वात सापडते.

आधी मापन

प्रारंभाचा काळ मोजण्याची परंपरा लिनक्सच्या वर्तुळात जुनी आहे. २००४ मध्ये झिगा माहकोवेच यांनी बूटचार्ट हे साधन तयार केले. प्रारंभकाळात कोणता प्रोग्रॅम केव्हा चालला आणि प्रोसेसर व डिस्क किती व्यग्र होत्या, याचा आलेख ते काढीत असे. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलंड येथील लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे आर्यन व्हॅन दे व्हेन व ऑके कॉक यांनी असुसचा ईई-पीसी हा स्वस्त, लहान संगणक पाच सेकंदांत सुरू करून दाखविला. त्यांची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. 'थोडे वेगवान करू' असे न म्हणता त्यांनी पाच सेकंदांचे अंदाजपत्रकच मांडले: कर्नेलला एक सेकंद, आरंभीच्या सेवांना एक, चित्रप्रणालीला एक आणि उरलेल्या सर्वांना मिळून दोन. ज्या घटकाने आपला वाटा ओलांडला त्याची झडती घ्यायची. सामान्य प्रयोगशाळेला पाच सेकंदांचा आग्रह धरण्याचे कारण नाही; मात्र टप्पागणिक हिशेब मागण्याची ही रीत तिने जरूर उचलावी.

आज यासाठी वेगळे साधन बसवावे लागत नाही. टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा दिली की टप्प्यांचा काळ एका ओळीत मिळतो. यूईएफआय असलेल्या बहुतेक यंत्रांवर फर्मवेअर व लोडर यांचेही आकडे येतात. जुन्या बायोसवर ते येत नाहीत, तिथे हातातील घड्याळ वापरावे.

नमुन्यादाखल एक कल्पित हिशेब घेऊ. फर्मवेअर १४ सेकंद, लोडर ३२ सेकंद, कर्नेल ३५ सेकंद आणि युजरस्पेस, म्हणजे सिस्टमडीचा टप्पा, १ मिनिट ४८ सेकंद. एकूण ३ मिनिटे ९ सेकंद. हे आकडे पाहून प्रोसेसर मंद आहे किंवा रॅम अपुरी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि यांतील ३२, ३५ व १०८ हे तिन्ही आकडे संशयास्पद आहेत. त्यांतून अनुक्रमे ३०, ३० व ९० सेकंद वजा केले तर उरणारे काम अगदी माफक ठरते. ३० आणि ९० या लिनक्समधील ठरीव प्रतीक्षामर्यादा आहेत. मोजणीत अशा गोल संख्या डोकावल्या की यंत्र काम करीत नसून थांबलेले आहे, असे प्रथम समजावे.

हरवलेल्या स्वॅप विभागाची प्रतीक्षा

वरील नमुन्यातील कर्नेल व युजरस्पेस या दोन्ही विलंबांचे मूळ एकच असू शकते. स्मृती अपुरी पडल्यास वापरावयाचा डिस्कवरील राखीव भाग म्हणजे स्वॅप. उबुंटूने २०१७ मधील १७.०४ आवृत्तीपासून यासाठी नव्या स्थापनेत साधी फाईल वापरण्यास सुरुवात केली, परंतु जुन्या स्थापनांत आणि डेबियनमध्ये स्वतंत्र स्वॅप विभाग सर्रास आढळतो. प्रत्येक विभागाला यूयूआयडी हा दीर्घ ओळखक्रमांक असतो आणि 'ईटीसी' निर्देशिकेतील 'एफएसटॅब' या फाईलीत तो लिहिलेला असतो. त्याच डिस्कवर दुसरी लिनक्स बसविली, किंवा एका संगणकाची प्रतिमा दुसऱ्यावर उतरविताना स्वॅप विभाग नव्याने घडविला गेला, तर विभाग जागेवर राहतो. त्याचा ओळखक्रमांक मात्र बदलतो. फाईलीतील जुन्या क्रमांकाचा विभाग आता जगात कोठेही नसतो.

यंत्राला हे ठाऊक नसते. डिस्क कदाचित सावकाश जागी होत असेल, अशा समजुतीने ते थांबते. प्रथम इनिटरॅमएफएस थांबते. मागच्या वेळी संगणक हायबरनेट केला असेल तर स्मृतीची साठविलेली प्रत स्वॅपमध्ये असणार, म्हणून ती तो विभाग सुमारे ३० सेकंद शोधते. डेबियन-उबुंटूच्या पद्धतीत हा काळ कर्नेलच्या खात्यावर पडतो आणि कर्नेलच मंद असल्याचा भास होतो. त्यानंतर सिस्टमडी एफएसटॅब वाचून तोच विभाग पुन्हा शोधते आणि तिची मर्यादा ९० सेकंदांची असते. एका चुकीच्या ओळीसाठी असा दोनदा दंड भरला जातो. या वेळी पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशा आरंभाची ओळ व शेजारी पुढे सरकणारे सेकंद दिसतात. परंतु उबुंटूच्या शोभेच्या चित्रामागे ती झाकलेली असते. एस्केप कळ दाबल्यास चित्र बाजूला होऊन संदेश दिसू लागतात. निदानाची सुरुवात इतकी सोपी असू शकते.

उपायही मोठा नाही. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिल्यास सर्व विभागांचे खरे ओळखक्रमांक मिळतात. एफएसटॅबची प्रत राखून त्यातील चुकीचा क्रमांक दुरुस्त करावा. 'इनिटरॅमएफएस-टूल्स' या निर्देशिकेतील 'रिझ्यूम' नावाच्या फाईलीत जुना क्रमांक असल्यास तोही बदलावा. हायबरनेशन वापरात नसेल तर तिथे 'नन' लिहिता येते. शेवटी 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा 'यू' या पर्यायासह चालवावी. ही शेवटची पायरी विसरली तर इनिटरॅमएफएसच्या आत जुनाच क्रमांक राहतो आणि दुरुस्ती व्यर्थ गेल्यासारखी वाटते. नेहमी जोडलेल्या नसणाऱ्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये ठेवणे भाग असेल, तर तिच्या पर्यायांत 'नोफेल' हा शब्द घालावा. मग प्रारंभ तिच्यासाठी अडून राहत नाही.

लोडरच्या ३२ सेकंदांची कथा निराळी, पण याच धाग्याची आहे. मागील प्रारंभ पूर्ण झाला नाही अशी नोंद ग्रबकडे असेल, तर उबुंटूमध्ये तो आपली यादी ३० सेकंद पडद्यावर धरून ठेवतो, जेणेकरून वापरकर्त्याला दुरुस्तीचा मार्ग निवडता यावा. तीन मिनिटे वाट पाहून कंटाळलेला विद्यार्थी प्रारंभाच्या मध्येच यंत्र बंद करतो, ग्रब अपयशाची नोंद करतो आणि पुढच्या खेपेस आणखी अर्धा मिनिट वाढतो. वीज नेमकी त्याच वेळी गेली तरी हेच घडते. मूळ विलंब दूर झाला, की हा उपविलंब आपोआप नाहीसा होतो. ग्रबच्या मांडणीतील रेकॉर्डफेलची मर्यादा कमी करता येते. पण ते लक्षणावरचे औषध झाले.

जाळ्याची प्रतीक्षा

प्रयोगशाळांत वारंवार आढळणारे दुसरे स्थान म्हणजे नेटवर्क. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' ही सेवा जाळे सिद्ध होईपर्यंत त्यावर अवलंबून असणाऱ्यांना थोपवून धरते. सर्व्हर आवृत्तीत हेच काम 'सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' करते आणि तिची मर्यादा १२० सेकंदांची आहे. यंत्राला दोन नेटवर्क पोर्ट असतील व एकालाच केबल जोडलेली असेल, तर रिकाम्या पोर्टसाठी दोन मिनिटे जाऊ शकतात. नेटप्लॅनच्या मांडणीत त्या पोर्टला ऐच्छिक ठरविणे हा त्यावरील योग्य उपाय होय.

कधी कधी दोष संगणकात नसतोच. स्पॅनिंग ट्री ही व्यवस्था चालू असलेला स्विच नव्याने जागे झालेले पोर्ट लगेच खुले करीत नाही. जुन्या पद्धतीत ऐकणे व शिकणे या दोन अवस्थांना प्रत्येकी १५ सेकंद जातात. त्या ३० सेकंदांत संगणकाने पत्ता मागितला तरी उत्तर येत नाही. प्रयोगशाळेतील सगळीच यंत्रे सारखीच रेंगाळत असतील, तर एकेक यंत्र उघडण्याआधी स्विचची मांडणी तपासावी.

वेट-ऑनलाइन सेवा बंद करून टाकावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. स्वतंत्रपणे चालणाऱ्या संगणकावर तो बहुधा निरुपद्रवी ठरतो. परंतु विद्यार्थ्यांच्या होम निर्देशिका एनएफएसद्वारे सर्व्हरवरून येत असतील, तर जाळे सिद्ध होण्याआधीच प्रवेशाची चौकट दिसेल आणि विद्यार्थ्याला आपल्या फाईली सापडणार नाहीत. वेळ वाचल्याचे समाधान तासिकेच्या पहिल्याच मिनिटात ओसरेल.

यादी वाचताना होणारी गल्लत

'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' ही आज्ञा सेवांची यादी त्यांना लागलेल्या काळाच्या उतरत्या क्रमाने देते. तिच्या नावातच दोषारोप असल्यामुळे पहिल्या क्रमांकावरील सेवा गुन्हेगार ठरविण्याची घाई होते. वास्तविक सेवा समांतर चालतात. ४० सेकंद घेणारी सेवा मागच्या बाजूला चालत राहील आणि प्रवेशाची चौकट तिच्याआधीच येऊ शकेल. 'प्लायमाउथ-क्विट-वेट' हे नाव उबुंटूच्या यादीत अनेकदा वरच्या बाजूस दिसते. प्रारंभाचे चित्र पडद्यावरून जाईपर्यंत थांबणे एवढेच तिचे काम असल्याने इतरांचा विलंब तिच्या नावावर जमा होतो. ती बंद करून काहीच साधत नाही.

त्याऐवजी 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन' ही आज्ञा वापरावी. अंतिम ध्येयापासून मागे जात कोण कोणासाठी थांबले होते, याची साखळी ती दाखविते. प्रत्येक नावापुढे दोन आकडे असतात: पहिला ती सेवा केव्हा सिद्ध झाली तो क्षण आणि दुसरा, अधिक चिन्हानंतरचा, तिला स्वतःला लागलेला काळ. दुसरा आकडा मोठा असलेली कडी शोधावी. पहिल्या आकड्यांत मोठी उडी आहे पण दुसरा आकडा कोठेच मोठा नाही, असे दिसल्यास एखाद्या उपकरणाची प्रतीक्षा संभवते. मग 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा 'बी' पर्यायासह देऊन त्या क्षणाच्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात. कर्नेलच्या टप्प्यासाठी 'डीमेसेज'मधील ओळींच्या आरंभीचे सेकंद पाहावेत. दोन लागोपाठच्या ओळींत वीस-तीस सेकंदांची दरी असेल, तर उत्तर त्या दरीच्या काठावर असते.

कामाचा वेग आणि प्रतीक्षा या किती भिन्न गोष्टी आहेत, याचे एक विलक्षण उदाहरण सप्टेंबर २०१९ मध्ये घडले. कर्नेलच्या ५.३ आवृत्तीच्या सिद्धतेत एक्स्ट-४ फाईल सिस्टीममध्ये अशी सुधारणा झाली, की प्रारंभी डिस्ककडे जाणाऱ्या मागण्या कमी झाल्या. वेग वाढावयास हवा होता. प्रत्यक्षात एका विकसकाचा संगणक प्रवेशाच्या चौकटीपूर्वी थांबूनच राहिला. कारण असे, की यादृच्छिक संख्यांसाठी लागणारी अनियमितता कर्नेल इतर गोष्टींबरोबर डिस्कच्या हालचालींतूनही गोळा करीत असे. डिस्क कमी हलली, अनियमितता पुरेशी जमली नाही आणि यादृच्छिक संख्या मागणारी सेवा ताटकळली. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ आवृत्तीत कर्नेलने अशी अनियमितता स्वतः निर्माण करण्याची सोय केली. त्याआधीच्या कर्नेलवर चालणाऱ्या यंत्रात माऊस हलविताच प्रारंभ पुढे सरकत असेल, तर तो योगायोग समजू नये.

डिस्क आणि घड्याळाचा सेल

प्रतीक्षा वजा केल्यावरही काळ मोठा उरला, तर खऱ्या कामाच्या वेगाकडे वळावे. इथे हार्ड डिस्कचा विचार प्रथम येतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी आणि शीर्ष सरकण्यास आणखी काही मिलिसेकंद, असा हिशेब धरला तर विखुरलेल्या जागांवरील वाचने सेकंदाला शंभराच्या आतच राहतात. प्रारंभकाळी नेमकी अशीच हजारो लहान वाचने होतात. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने होऊ शकतात. म्हणून जुन्या यंत्रात एसएसडी बसविल्यावर जो फरक पडतो तो खराच असतो. मात्र ३० आणि ९० सेकंदांच्या मर्यादा एसएसडीवरही तितक्याच लांब राहतात.

डिस्क मंद असणे आणि डिस्क निकामी होत असणे यांत भेद करावा. डीमेसेजमध्ये 'एटीए' या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या चुकांच्या ओळी पुन्हा पुन्हा येत असतील, तर कर्नेल एकच भाग वारंवार वाचण्याचा प्रयत्न करीत आहे. 'स्मार्टसीटीएल' या साधनाने डिस्कचा आरोग्य-तक्ता पाहावा. त्यात बदललेल्या व प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर इतर सर्व उपाय थांबवून प्रथम माहितीची प्रत काढावी. चुका जोडणीसंबंधी असतील, तर कित्येकदा सैल झालेली साटा केबल हेच कारण निघते.

सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल. तो संपला की जुन्या यंत्रांत तारीख मागे जाते आणि बायोसची मांडणी मूळपदावर येते. काही यंत्रे कळ दाबण्याची वाट पाहत थांबतात. काहींमध्ये प्रारंभक्रमात नेटवर्क पुढे येते आणि फर्मवेअर नसलेल्या सर्व्हरचा शोध घेत बसते. तारीख चुकल्यामुळे फाईल सिस्टीम 'भविष्यात' वापरली गेल्याचे दिसून तिच्या तपासणीचा प्रसंग येऊ शकतो आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. उन्हाळी सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात अनेक यंत्रे एकदम 'बिघडतात', त्या वेळी ही शक्यता आधी पडताळावी. फर्मवेअरचा आकडा मोठा असेल तर प्रारंभक्रमातून नेटवर्क काढणे व सेल बदलणे या दोन गोष्टी पुष्कळदा पुरेशा होतात.

नोंदींची पद्धत

दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर प्रत्येक यंत्राचे चार आकडे, दिनांक आणि केलेला बदल यांची नोंद प्रयोगशाळेच्या वहीत ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही. बदलानंतरचा पहिला प्रारंभ गृहीत धरू नये, कारण अद्ययावतीकरण किंवा फाईल सिस्टीमची तपासणी त्यात मिसळलेली असू शकते. तीन प्रारंभांचे आकडे घ्यावेत. एकाच खेपेस खरेदी झालेल्या यंत्रांपैकी जे नीट चालते, त्याचे आकडे शेजारी लिहिले तर तुलनेसाठी वेगळा निकष शोधावा लागत नाही.

अशी नोंद हाती असल्यावर निर्लेखन समितीपुढील प्रश्नाचे स्वरूप पालटते. नमुन्यातील यंत्राच्या १८९ सेकंदांपैकी १५० सेकंद प्रतीक्षेचे होते. ती दूर झाल्यावर उरलेले ३९ सेकंद कमी करावयाचे असतील, तर मागणी एसएसडीची होईल, संगणकाची नव्हे. एसएसडीवर नव्याने स्थापना केल्यास विभागांचे ओळखक्रमांकही नवे होतात. तेव्हा जुन्या डिस्कसाठी एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली असेल, तर ती डिस्क काढून घेताना ती ओळही काढावी. अन्यथा दुसऱ्याच दिवशी नव्या डिस्कवर तेच ९० सेकंद परत आलेले दिसतील.